एसआर-००७ ला कोणता अ‍ॅम्प्लिफायर द्यावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार,

गेल्या वर्षी मी स्टॅक्स कंपनीचा एसआर-००७ एमके२ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन विकत घेतला. तो आधी वापरलेला असला तरी चांगल्या स्थितीत आहे. सध्या तो त्याच कंपनीच्या एसआरएम-२५२एस या लहान अ‍ॅम्प्लिफायरवर चालवतो. डॅकमधून (डिजिटल संगीताचे विद्युत संदेशात रूपांतर करणाऱ्या उपकरणातून) त्याला साध्या आरसीए जोडणीने २ व्होल्टचा संदेश (सिग्नल) मिळतो. गायन आणि तंतुवाद्ये यांत जी स्पष्टता मिळते तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु मोठा वाद्यवृंद सुरू झाला किंवा तालवाद्यांचे जोरकस आघात आले, की आवाज दबल्यासारखा आणि किंचित खरखरीत होतो. खर्ज अपुरा वाटत असल्याने संगणकावरील प्लेअरमध्ये तो ६ डेसिबलने वाढवून घेतला आहे. बहुतेक वेळा चष्मा लावून, हातात पुस्तक घेऊन ऐकतो. आवाजाचा नॉब निम्म्यावर असतो, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची अजून निम्मी ताकद शिल्लक असावी असे मला वाटते.

मित्रांचे सल्ले परस्परविरोधी आहेत. एक म्हणतो, ४५० व्होल्ट किंवा त्याहून अधिक देणारा अ‍ॅम्प्लिफायर घे. दुसरा म्हणतो, व्हॉल्व्हचाच (ट्रान्झिस्टरऐवजी निर्वात नळ्या वापरणारा) घे. तिसऱ्याच्या मते घरातल्या ५० वॅटच्या स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला ट्रान्सफॉर्मरची पेटी जोडली की काम होईल. शिवाय काकांनी दिलेला सहा पिनांचा जुना लॅम्डा हेडफोनही माझ्याकडे आहे आणि दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर चालावेत अशी इच्छा आहे. आपण काय सुचवाल?

— एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र वाचून पहिला सल्ला असा, की तूर्त काहीही विकत घेऊ नका. तुम्ही सहज लिहून गेलेल्या तीन गोष्टी, म्हणजे डोळ्यांवरचा चष्मा, ६ डेसिबलने वाढवलेला खर्ज आणि निम्म्यावर असलेला नॉब, या एकत्र ठेवल्या तर तुमच्या तक्रारीचा बराचसा उलगडा अ‍ॅम्प्लिफायर न बदलताच होतो. त्यानंतर जे उरेल त्यासाठी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेणे योग्य ठरेल, आणि तो कसा असावा हेही मी पुढे सांगणार आहे. मात्र त्याआधी या हेडफोनला अ‍ॅम्प्लिफायरकडून नेमके काय लागते, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनमध्ये चुंबक नसतो आणि तारेचे वेटोळेही नसते. एक-दोन मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र धातूच्या पट्ट्यांच्या मधोमध ताणून बसवलेला असतो. या पट्ट्यांना स्टेटर म्हणतात. पडद्यावर बायस व्होल्टेजच्या साहाय्याने कायम विद्युतभार ठेवलेला असतो, आणि दोन स्टेटरना संगीताचा संदेश परस्परविरुद्ध दिशेने दिला जातो. एका स्टेटरचे व्होल्टेज वर जाते तेव्हा दुसऱ्याचे तेवढेच खाली येते, आणि पडदा एकीकडे ओढला व दुसरीकडून ढकलला जातो. पडद्यावर लागणारे बल बायस आणि संदेश या दोन्ही व्होल्टेजच्या प्रमाणात असते. साध्या हेडफोनला एखाद-दुसरा व्होल्ट पुरतो. येथे मात्र संदेशच शेकडो व्होल्टचा लागतो. म्हणून साधा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर कोणतीही पिन बदलून येथे वापरता येत नाही, आणि तसा दावा करणारे निव्वळ प्लगचे अ‍ॅडॅप्टर दिसले तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अ‍ॅम्प्लिफायर जुळवताना ज्या अटीला अपवाद नाही अशी अट एकच, ती बायसची. स्टॅक्सच्या सुरुवातीच्या हेडफोनना २३० व्होल्टचा बायस लागत असे. त्याला नॉर्मल बायस म्हणतात आणि त्याचा प्लग सहा पिनांचा असतो. १९८२ साली आलेल्या लॅम्डा प्रोपासून ५८० व्होल्टचा प्रो बायस आला व त्यासाठी पाच पिनांचा प्लग ठरला. तुमचा एसआर-००७ प्रो बायसचा आहे. काकांचा लॅम्डा सहा पिनांचा आहे, याचा अर्थ तो नॉर्मल बायसचा आहे. नॉर्मल बायसच्या हेडफोनमध्ये पडदा आणि स्टेटर यांच्यातील अंतर कमी असते. त्याला ५८० व्होल्ट दिले तर पडदा स्टेटरला जाऊन चिकटण्याची आणि ठिणगी पडून कायमचा बाद होण्याची शक्यता असते. हा अपघात टळावा म्हणूनच सहा पिनांचा प्लग पाच छिद्रांच्या सॉकेटमध्ये जात नाही. मधली सहावी पिन कापून तो बसवणारे महाभाग आहेत; तुम्ही त्यांच्यापैकी होऊ नये. उलट दिशेने मात्र धोका नाही: प्रो हेडफोन सहा छिद्रांच्या नॉर्मल सॉकेटमध्ये बसतो आणि वाजतो, फक्त सुमारे ८ डेसिबल हळू वाजतो, कारण ५८० च्या जागी त्याला २३० व्होल्टच मिळतात.

तेव्हा दोन्ही हेडफोन एका अ‍ॅम्प्लिफायरवर चालवायचे असतील तर दोन्ही प्रकारचे सॉकेट असलेला अ‍ॅम्प्लिफायरच हवा. जुन्या एसआरएम-टी१ सारख्या काही अ‍ॅम्प्लिफायरवर अशी सोय आहे. आजच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरवर नाही. माझे मत विचाराल तर या सोयीपायी मुख्य अ‍ॅम्प्लिफायरची निवड वाकवू नका. लॅम्डासाठी एखादी जुनी नॉर्मल बायसची पेटी वेगळी ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

आता व्होल्टेजचा हिशेब करू. एसआर-००७ ची संवेदनशीलता १०० व्होल्टला १०० डेसिबल अशी दिलेली असते. ही स्टेटर ते स्टेटर मोजलेली आरएमएस (म्हणजे शिखराची नव्हे, परिणामी सरासरीची) व्होल्टेज आहेत. व्होल्टेज दुप्पट झाले की ६ डेसिबल वाढतात, हा साधा नियम. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याची जी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे ती आठवड्याला ४० तास सरासरी ८० डेसिबल अशी आहे. या पातळीवर ऐकताना व्यापक चढउतार असलेल्या ध्वनिमुद्रणातील आघात सरासरीहून २० डेसिबलने वर गेले, तरी ते १०० डेसिबलपर्यंत पोहोचतात, आणि त्यासाठी लागतात अवघे १०० व्होल्ट. तुमच्या एसआरएम-२५२एसची कमाल क्षमता २८० व्होल्टची आहे, म्हणजे त्याच्याकडे आणखी जवळजवळ ९ डेसिबलची सवड आहे. स्टॅक्सच्याच मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरपैकी एसआरएम-३५३एक्स ४०० व्होल्ट देतो, एसआरएम-७२७ चा आकडा ४५० आहे आणि एसआरएम-टी८००० चा ४७०. कागदावर हे आकडे भव्य दिसतात; परंतु २८० वरून ४०० वर गेल्याने मिळतात ३ डेसिबल, ४५० वर गेल्याने ४, आणि थेट ४७० वर उडी मारल्याने साडेचार. केवळ मोठ्या आवाजासाठी कोणी हा खर्च सुचवत असेल, तर त्याने हा हिशेब केलेला नाही असे खुशाल समजावे.

मग तुमच्याकडे आवाज दबतो का? येथे नॉब पुढे येतो. एसआरएम-२५२एस संदेशाचे व्होल्टेज सुमारे ८०० पट करतो. याचा अर्थ नॉब पूर्ण उघडा असताना आत केवळ ०.३५ व्होल्ट आले, की बाहेर २८० व्होल्ट होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरची सीमा येते. तुमचा डॅक देतो २ व्होल्ट. नॉबच्या आत जो पॉट (फिरवून बदलता येणारा रोधक, म्हणजे रेझिस्टर) असतो तो सहसा लॉग प्रकारचा असतो. तो मध्यावर असताना निम्मे व्होल्टेज पुढे जात नाही, साधारण १० ते १५ टक्के जाते. दोन व्होल्टचे १० ते १५ टक्के म्हणजे ०.२ ते ०.३ व्होल्ट, आणि त्याच्या ८०० पट म्हणजे १६० ते २४० व्होल्ट. थोडक्यात, ध्वनिमुद्रणातील सर्वांत मोठ्या क्षणी तुमचा अ‍ॅम्प्लिफायर निम्म्यावर असलेल्या नॉबसह जवळपास कडेलोटावर उभा असतो. त्यात तुम्ही खर्ज ६ डेसिबलने, म्हणजे दुपटीने, वाढवला आहे. जोरकस आघातात खर्जाचाच वाटा मोठा असल्याने त्या क्षणी ३२० ते ४८० व्होल्टची मागणी होते, आणि ती पुरवणे २८० व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरला शक्य नाही. नॉबच्या उरलेल्या निम्म्या फेऱ्यात ताकद नाही, केवळ खरखर आहे.

अ‍ॅम्प्लिफायरच्याही आधीच्या टप्प्यावर एक संशयित आहे. प्लेअरमध्ये खर्ज वाढवताना एकूण पातळी तेवढीच खाली आणली नसेल, तर पूर्ण पातळीवर मुद्रित केलेल्या संगीताचे आकडे संगणकातच मर्यादेबाहेर जातात आणि लाटेचे शेंडे छाटले जातात. ही छाटणी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेली असते, आणि तिच्यावर ४७० व्होल्टचाही इलाज चालत नाही. इक्वलायझरमधील प्री-अ‍ॅम्प नावाची पट्टी निदान ६ डेसिबल खाली घ्या, मग पुन्हा तोच भाग ऐका. खरखर निम्म्याहून अधिक कमी झाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न असा, की एसआर-००७ ला खर्ज वाढवून द्यावा लागतोच का? हा हेडफोन स्टॅक्सच्या घराण्यात खर्जाच्या बाबतीत कंजूष मानला जात नाही. त्याच्याविषयीची नेहमीची तक्रार उलट, थोडा काळोखा वाजतो अशी असते. खर्ज गेला असेल तर तो बहुधा कानाभोवतीच्या फटीतून गेला आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक पडद्याची हालचाल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या अंतरात होते, त्यामुळे त्याला खालचे स्वर उभे करण्यासाठी गादी आणि कान यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेची मदत लागते. चष्म्याची काडी गादीखालून गेली, की तेथे बारीक वाट तयार होते आणि नेमका खालच्या सप्तकांतला दाब त्या वाटेने निघून जातो. वरच्या स्वरांना काहीच होत नाही. म्हणून गायन तुम्हाला स्पष्ट ऐकू येते आणि मोठा ढोल पोकळ वाटतो.

तेव्हा एका संध्याकाळी पुस्तक बाजूला ठेवा, चष्मा काढा आणि इक्वलायझर बंद करून ऐका. एसआर-००७ च्या गाद्या सर्व बाजूंनी सारख्या जाडीच्या नसतात व त्या फिरवता येतात. जाड भाग कानाच्या मागे, जेथे कवटी आत वळते तेथे यायला हवा. आधीच्या मालकाने त्या कशाही बसवलेल्या असू शकतात. डोक्यावरची कमान सैल पडली असेल तर तीही पाहा. गाद्यांचे चामडे कडक झाले असेल, त्यांना सुरकुत्या पडून कडा उचलल्या गेल्या असतील, तर नव्या गाद्या घेणे हा कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा चांगला आणि स्वस्त उपाय आहे. हेडफोन हलकेच डोक्याशी दाबून धरल्यावर खर्ज भरून आला, तर निदान पक्के झाले. असे दाबताना पडद्यातून क्वचित फुस्सकन आवाज येतो. त्याने घाबरू नये, तो आत दाबल्या गेलेल्या हवेचा आहे. चष्मा काढणे शक्यच नसेल तर निदान बारीक, चपट्या काड्यांची चौकट वापरून पाहावी.

हे झाल्यावर अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा घ्या. तुमच्या डॅकला किंवा प्लेअरला डिजिटल आवाजनियंत्रण असेल तर ती सोपी आहे. हेडफोन डोक्यावरून काढून ठेवा, डिजिटल पातळी उणे ४० डेसिबलवर न्या, आणि मगच अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब पूर्ण उघडा. संगणकाच्या सूचनांचे आवाज त्यापूर्वी बंद केलेले असावेत, नाहीतर एखादी घंटा कानाला दुखापत करून जाईल. मग हेडफोन घालून डिजिटल पातळी हळूहळू वाढवत नेहमीच्या सुखकर आवाजापर्यंत या आणि आकडा वाचा. दोन व्होल्टच्या डॅकसह उणे १५ डेसिबल ही तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरची सीमा आहे. तुम्ही उणे २५ वर थांबलात, तर मुद्रणातील पूर्ण पातळीचे शिखरसुद्धा सुमारे ९० व्होल्टच मागते आणि तुमच्याकडे १० डेसिबलची सवड आहे. उणे १७-१८ पर्यंत जावे लागत असेल, तर एक तर तुम्ही गरजेपेक्षा फार मोठ्याने ऐकत आहात किंवा मुद्रणाची पातळीच कमी आहे. परीक्षा संपली की नॉब पुन्हा खाली आणून जुनी व्यवस्था लावा. पूर्ण उघड्या नॉबवर रोज ऐकणे धोक्याचे आहे.

येथवर व्होल्टेजचा विचार झाला. अ‍ॅम्प्लिफायरमधला खरा भेद मला दिसतो तो प्रवाहात, आणि जाहिरातींत त्याचा उल्लेख फार क्वचित असतो. विद्युतदृष्ट्या हा हेडफोन म्हणजे एक कपॅसिटर आहे. एसआर-००७ ची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) केबलसह ९४ पिकोफॅरड आहे, स्टॅक्सच्याच एसआर-००९ आणि एसआर-एल७०० या हेडफोनची ११० च्या घरात. कपॅसिटरचा विरोध स्वर चढत जातो तसा उतरत जातो: एसआर-००७ साठी १० किलोहर्ट्‌झला तो १७० किलोओहम असतो, २० किलोहर्ट्‌झला ८५ किलोओहम. या शेवटच्या टोकाला २०० व्होल्ट पोहोचवायचे म्हटले तर सव्वादोन मिलिअँपियरहून थोडा अधिक आरएमएस प्रवाह लागतो आणि त्याचे शिखर सव्वातीन मिलिअँपियरच्या आसपास जाते. प्रत्यक्ष संगीतात इतक्या उंच स्वरांत एवढी पातळी कधी नसते हे खरे, पण झांजेचा आघात आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी आला की अ‍ॅम्प्लिफायरला मोठे व्होल्टेज आणि वेगाने बदलणारा प्रवाह ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

हे अ‍ॅम्प्लिफायर सहसा क्लास ए पद्धतीने चालतात, म्हणजे संगीत नसतानाही त्यांच्या अखेरच्या टप्प्यातून ठरावीक प्रवाह वाहत असतो, आणि त्या प्रवाहाहून जास्त काही ते हेडफोनला देऊ शकत नाहीत. शेकडो व्होल्टवर काही मिलिअँपियर सतत वाहायचे म्हणजे उष्णता आलीच. म्हणून विजेचा वापर आणि पेटीचा गरमपणा हा माझ्या दृष्टीने कमाल व्होल्टेजपेक्षा अधिक बोलका आकडा आहे. तुमचा एसआरएम-२५२एस १२ व्होल्टच्या छोट्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो आणि एकूण मोजकेच वॅट घेतो. त्यातून चार अर्ध्या टप्प्यांच्या वाट्याला किती येत असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. एसआरएम-३५३एक्स सुमारे ३० वॅट घेतो, एसआरएम-७२७ त्याहूनही अधिक. या दोघांकडून २५२एसच्या तुलनेत जी मोकळीक मिळते ती तीन-चार डेसिबलची नसून या स्थिर प्रवाहाची आहे. स्टॅक्सच्या एल३०० किंवा एल५०० सारख्या हेडफोनसह २५२एस अगदी सुखाने नांदतो. एसआर-००७ मात्र इतरांपेक्षा थोडा मंद आणि हट्टी आहे, आणि त्याच्यासाठी मी वरची पायरी सुचवतो.

धारितेचाच दुसरा परिणाम केबलशी निगडित आहे. या हेडफोनची केबल रुंद, चपटी आणि तारा एकमेकींपासून दूर ठेवलेली असते ती शोभेसाठी नव्हे. तारा जवळ आल्या की धारिता वाढते आणि अ‍ॅम्प्लिफायरचा प्रवाह हेडफोनऐवजी केबल भरण्यात खर्च होतो. लांब एक्स्टेंशन केबल जोडण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे. सेनहायझरने २०१५ साली दाखवलेल्या एचई-१ मध्ये या अडचणीवर टोकाचा तोडगा काढलेला आहे: उच्च व्होल्टेजचा अखेरचा टप्पाच कानावरच्या वाटीत बसवलेला आहे, जेणेकरून मधली केबल त्या टप्प्याच्या मार्गातच येऊ नये.

व्हॉल्व्हच्या बाबतीत माझे मत तुमच्या मित्राला रुचणार नाही. व्हॉल्व्ह मोठ्या व्होल्टेजला जात्याच सरावलेले असतात, त्यामुळे येथे त्यांचा वापर हा निव्वळ हौसेचा भाग नाही, हे मान्य. पण स्टॅक्सच्या एसआरएम-००६टी आणि ००७टी या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ६सीजी७ व्हॉल्व्हच्या माथ्यावर रोधक असतात, आणि टप्प्याचा बराचसा प्रवाह त्या रोधकांनाच हलवण्यात जातो. हेडफोनच्या वाट्याला उरलेला येतो. या अ‍ॅम्प्लिफायरचा मऊ, किंचित गोलाई असलेला आवाज अनेकांना आवडतो आणि एसआर-००९ सारख्या तेजस्वी हेडफोनला तो मानवतोही. एसआर-००७ मुळात मऊ आहे. त्याला आणखी मऊ करण्यात मला अर्थ दिसत नाही. याउलट अ‍ॅम्प्लिफायरचे रचनाकार केव्हिन गिलमोर यांच्या ब्लू हवाई या रचनेत ईएल३४ व्हॉल्व्हना रोधकांऐवजी स्थिर प्रवाहस्रोत दिलेले आहेत, त्यामुळे व्हॉल्व्हचा जवळजवळ सगळा प्रवाह हेडफोनसाठी मोकळा राहतो, आणि एसआर-००७ बरोबरची तिची जोडी प्रसिद्ध आहे. त्यांचीच केजीएसएसएचव्ही ही ट्रान्झिस्टरची रचनाही याच विचाराची आहे. म्हणजे प्रश्न व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर असा नाही, अखेरच्या टप्प्याला वर काय जोडले आहे असा आहे. विक्रेत्याला हाच प्रश्न विचारा. उत्तर देता आले नाही तरी त्यातून काहीतरी कळेलच.

तुमच्या स्थितीत मी एसआरएम-३५३एक्स किंवा सुस्थितीतला एसआरएम-७२७ पाहीन, आणि हात सैल असेल तर चांगल्या कारागिराने बांधलेला केजीएसएसएचव्ही. टी८००० वाईट नाही, पण २५२एसवरून थेट तेथे उडी मारण्याइतके कारण तुमच्या पत्रात मला सापडत नाही. या रचना घरी स्वतः बांधण्याचा मोह होत असेल तर एवढेच सांगतो, की त्यांच्या आतल्या वाहिन्यांवर शून्याच्या दोन्ही बाजूंना ४०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक असतात आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. उच्च व्होल्टेजवर काम करण्याचा सराव नसेल तर झाकण उघडू नये.

तिसऱ्या मित्राची ट्रान्सफॉर्मरची सूचना मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तुमचा ५० वॅटचा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला २० व्होल्ट देतो. १ ला २५ या प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर त्याचे ५०० व्होल्ट करील, आणि प्रवाहाची तर त्याच्याकडे रेलचेल आहे. हेडफोनची ९४ पिकोफॅरड धारिता त्या बाजूने पाहिली तर २५ च्या वर्गाने, म्हणजे ६२५ पटीने, वाढून सुमारे ५९ नॅनोफॅरड दिसते. २० किलोहर्ट्‌झलाही हा भार १३५ ओहमच्या आसपास राहतो आणि कोणताही बरा स्पीकर अ‍ॅम्प्लिफायर तो सहज पेलतो. खरी मेख ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडात आहे. खालच्या स्वरांना मोठी पातळी आली की लहान गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व धरू शकत नाही, आणि खर्ज फाटतो; वरच्या टोकाला वेटोळ्यांचे गळती इंडक्टन्स हेडफोनच्या धारितेशी मिळून एक कंगोरा, म्हणजे एखाद्या स्वराचा अनैसर्गिक उठाव, उभा करते, आणि तो कोणत्या स्वरावर येईल हे पेटीपेटीनुसार बदलते. चांगला, वजनदार ट्रान्सफॉर्मर या दोन्हींना ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलतो. स्वस्तातला ढकलत नाही.

अशी पेटी घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली पुन्हा बायसची: स्टॅक्सच्या एसआरडी-७ ची मूळ आवृत्ती २३० व्होल्टची आहे, प्रो नाव असलेली ५८० ची; आणि काही जुन्या पेट्या बायस संगीताच्या संदेशातूनच तयार करतात, त्यामुळे हळू ऐकताना तो डळमळू शकतो. दुसरी गोष्ट तुमच्या स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरची. त्याचा अखेरचा टप्पा ब्रिज पद्धतीचा असेल, तर त्याच्या उणे टोकावरही संदेश असतो. पेटीच्या आत दोन्ही बाजूंची उणे टोके एकत्र जोडलेली असतील तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. आजच्या अनेक लहान क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरची रचना अशीच असते. गंमत अशी, की मूळ एसआरडी-७ तुमच्या एसआर-००७ पेक्षा काकांच्या लॅम्डाला नेमकी शोभते. सहा पिनांचे सॉकेट, २३० व्होल्टचा बायस आणि घरातच असलेला स्पीकर अ‍ॅम्प्लिफायर हे सारे जुळून येते, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तरही तेच आहे.

पुढेमागे इतर कंपन्यांचे हेडफोन पाहिलेत तर बायस आणि प्लग हे दोन्ही आधी तपासा. कॉसच्या ईएसपी/९५० चा बायस ६०० व्होल्टचा आहे. ५८० शी त्याचा फरक डेसिबलच्या तिसऱ्या भागाहूनही कमी पडतो, त्यामुळे योग्य अ‍ॅडॅप्टर असेल तर तो स्टॅक्सच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बिनदिक्कत चालतो. ऑडीझीचा सीआरबीएन आणि डॅन क्लार्क ऑडिओचा कोरिना हे मुळातच ५८० व्होल्ट व पाच पिनांच्या हिशेबाने बनवलेले आहेत. वॉरविक अकूस्टिक्सचे हेडफोन मात्र त्यांच्याच अ‍ॅम्प्लिफायरशी बांधलेले असतात. तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी आला, की तो आणि २५२एस शेजारी ठेवून एकच भाग एकाच पातळीवर ऐका, आणि पातळी कानाने न जुळवता ध्वनिपातळी मोजणाऱ्या साधनाने जुळवा, कारण एखाद डेसिबलने मोठा वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर नेहमीच अधिक चांगला वाटतो. हेडफोनचा प्लग लावताना आणि काढताना अ‍ॅम्प्लिफायर बंद असावा व नॉब खाली. लावल्यावर एखादे मिनिट थांबा. बायस मोठ्या रोधकातून येत असल्याने पडदा भारित व्हायला वेळ लागतो, आणि बराच काळ न वापरलेल्या हेडफोनची एक बाजू सुरुवातीला हळू वाजू शकते. दमट हवेत असे वारंवार होत असेल तर हेडफोन कोरड्या जागी, धुळीपासून झाकून ठेवावा.

राहिला वीजपुरवठा. वापरलेले स्टॅक्स अ‍ॅम्प्लिफायर बऱ्याचदा थेट जपानमधून येतात आणि तेथील वीज १०० व्होल्टची आहे. मागच्या पट्टीवर १०० व्होल्ट छापलेला अ‍ॅम्प्लिफायर २२० ते २४० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर तो पहिल्याच क्षणी निकामी होऊ शकतो, आणि आतून व्होल्टेज बदलण्याची सोय प्रत्येक मॉडेलमध्ये नसते. म्हणून पैसे देण्यापूर्वी मागच्या पट्टीचे स्पष्ट छायाचित्र मागवा, आणि १०० व्होल्टचाच असेल तर त्याच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर त्याच खर्चात धरा.